हवेच्या पाइपात तेल

बन्सीनं इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोकडून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप ओढून काढला आन् पचकन तेल त्याच्या चपलेवर पडलं. जिथून निस्ती हवा जावी, तिथं तेल!

"बग बे, बग!" गाडीचा मालक प्रविण पार बोनटात घुसला. "पंधरा दिवसांखाली तूच सर्व्हिसिंग केली ना? तवापासून धूर मारतीय, चढाला ओढंना. टर्बो खाल्लास तू माझा!"

पाटोद्यात गॅरेज टाकून बन्सीला दोनच महिने झालते. शेजारच्या टपरीवरची चार माणसं चहाचे कप घेऊन मजा बघत उभी. हे खरं निघालं तर आपल्या हातात कुणी सायकलबी देणार न्हाई, हे बन्सीला पक्कं ठाऊक होतं.

"दम धर. मी जास्त तेल ओतलं असंल तर काडीवर दिसंल."

त्यानं तेल मोजायची काडी पुसून घातली, परत काढली. दोन खुणांच्या बरोबर मधी.

"मंग टर्बोच गेला," टपरीवाल्यांतला एकजण म्हनला.

बन्सीनं टर्बोच्या तोंडात बोटं घालून आतलं चाक हलवलं. जराबी डुलंना, नीट फिरलं. इंजिनाची वाफ हवेच्या पाइपात सोडणारी नळी काढून आत फडकं फिरवलं. जराशी ओल, तेवढी असतीच. टर्बो नीट, नळी नीट, इंजिनातलं तेल जागेवर. मंग हे काय आभाळातून पडलं?

"कळंना म्हून सांग की सरळ," प्रविण म्हनला.

"तू तोंड बंद केलं तर कळंल!"

बन्सी चपलेकडं बघत राहिला. डिझेल इंजिनातलं तेल दोन दिवसात काजळीवानी काळं होतं. हे तर मधासारखं पिवळं. एअर फिल्टरचा डबा त्यानं अजून उघडलाच नव्हता. हवा टर्बोच्याबी अगुदर तिथून येती, मंग तिथं तेल कसं पोचंल? तरी त्यानं झाकण काढलं. कागदी फिल्टर भज्यावानी तेलात भिजलेला, खाली तेलाचं डबकं.

प्रविणनं वाकून त्या तेलात बोट बुडवून बघितलं.

"संपत आलं का रं?" टायरवर बसलेले प्रविणचे वडील आसाराम म्हनले. "सर्व्हिसिंग झाल्यापासनं टाकतोय म्या, परवाच परत टाकलंय."

"काय टाकलं, आण्णा?" प्रविण गर्रकन वळला.

"तेल. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला फिल्टरखाली वाटी न्हवती का? तेलात धूळ चिकटायची. ह्याला वाटीच दिसंना, म्हून कागदावरच सोडलं." आन् बन्सीकडं बघून, "सर्व्हिसिंगला उरलेल्या तेलाचं कॅन तूच दिलतंस ना? कामाला येईल म्हनलास."

आता बोंब मारायची पाळी बन्सीची होती. पण म्हातारा असा बघत होता, जशी शाबासकीच मिळणार हाय. हसावं का रडावं, बन्सीला कळंना.

"काय निघालं रे?" टपरीवरनं आवाज आला.

"आमच्या आण्णानं..." प्रविण अडकला. कान लाल झालते. "बन्सीचं कायबी न्हाई! टर्बो नीट हाय. फिल्टर... आमच्याच घरी बिघडला."

"घरी? कसा काय?"

"बिघडला म्हनलं ना!"

बन्सीनं ठिबकता फिल्टर उचलला. "आण्णा, ह्यात तेल नसतंय. नवा घालतो, पाइप धुतो. तेवढं कॅन परत द्या."

"मंग धूळ कशाला चिकटती?"

"कागदाला."

"निस्त्या कागदाला?" आसारामनी फिल्टर उन्हात धरला, उलटापालटा केला. "आमच्या डोंगरकिन्हीच्या रस्त्याची धूळ, आन् कागद?"