क्लचातली हवा

भिकाजी पडवीत बसून सुपारी कातरत होते. समोर अंगणात सून तासभर मोटरसायकलशी झुंजत होती, पण आपण बघितलंच नाही असा चेहरा त्यांनी ठेवला होता. घरात तशी रीतच पडली होती. अनुजा लग्न होऊन विजयदुर्गाजवळच्या या वाडीत आली त्याला दोन वर्षं झाली, तरी सासऱ्याशी तिचं बोलणं "मामांनू, च्या" आणि "मामांनू, जेवक चला" याच्या पुढे गेलं नव्हतं. भिकाजींनी तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढली होती. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं. घरात हळू कसं बोलतात हे त्यांना कधी जमलंच नाही, म्हणून ते गप्प राहत.

गाडी त्यांच्या मुलाची, अजयची. तो मुंबईला नोकरीला. गणपतीत येऊन चालवली, नंतर ताडपत्रीखाली झाकून गेला. शिमग्यासाठी उद्या सकाळी तो वैभववाडीला उतरणार होता.

अनुजाने गाडी चालू केली, क्लचची लिव्हर दाबून गिअर टाकला. गाडीने बैलासारखी उसळी घेतली आणि बंद पडली. तुळशीवृंदावन हातभर अंतराने वाचलं.

आता मात्र भिकाजींना राहवेना. "काय झाला गो?"

"क्लच लागना नाय, मामांनू. लिव्हर दाबलंय तर नुसती मऊ लागता."

"वायर तुटली असतली."

"वायर नाय ह्येका. तेलावर चलता."

अडकित्ता थांबला. "तेलावर? म्हणजे हायड्रॉलिक?"

सुपारी तशीच टाकून ते अंगणात उतरले. जहाजावरच्या क्रेनपासून सुकाणूपर्यंत सगळं तेलाच्या दाबावर चालायचं. निवृत्त झाल्यापासून पाच वर्षांत त्यांना कोणी साधा नळ दुरुस्त करायलाही बोलावलं नव्हतं.

"पण तुका ही चालवूक येता?"

"सावंतवाडीक बाबांची गाडी मीच चालवी." अनुजा थोडी घुटमळली, मग बोलली, "मी उद्या स्टेशनार न्हेवक येतंय म्हटलंय तर हे फोनवर हसले. तू आणि ती गाडी, म्हणाले. म्हणान मी जातलंयच."

भिकाजींची मिशी हलली.

त्यांनी हँडलवरची तेलाची लहान डबी बघितली. काचेतून तेल दिसायला हवं होतं, ते तळाला गेलं होतं आणि काढ्यासारखं काळं झालं होतं. "तेल पिऊक कोण येना नाय. खंय तरी गळता." त्यांनी बोट फिरवत फिरवत नळी खालपर्यंत तपासली. इंजिनाजवळच्या जोडावर बोट ओलं झालं. तिथली तांब्याची चकती कडक होऊन बसली होती.

"नवी होयी," अनुजा म्हणाली. "देवगडाक जाऊक होया."

"कित्याक? हय बघ."

चकती चिमट्यात धरून ते थेट स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, नुकतंच सोलकढीचं भांडं बाजूला ठेवलं होतं. "माज्या गॅसवर काय भाजतास ता?" त्या ओरडल्या. चकती लालभडक झाली, मग पाण्यात बुडून चर्रर झाली. "तांबा तापवला की मऊ जाता," भिकाजी सुनेला सांगत होते. "मगे परत गच्च बसता." हे वाक्य त्यांनी किती तरी वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

जोड आवळला. अनुजाने टाकीवर ओलं फडकं पसरलं, कारण हे तेल रंग खातं. डबीच्या झाकणावर लिहिलेल्या नंबराचंच तेल तिने आधीच आणून ठेवलं होतं. खाली हवा सोडायच्या बारीक तोटीला, निपलला, होडीच्या इंजिनाच्या पेट्रोलची पारदर्शक नळी लावली आणि तिचं टोक तेल घातलेल्या बरणीत बुडवलं. गळतीतून नळीत शिरलेली हवा बाहेर काढायची होती आणि ते काम दोघांचं होतं. एकाने लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने निपल सैल करून हवा जाऊ द्यायची, ते बंद झाल्यावरच लिव्हर सोडायची. पान्याजवळ अनुजा बसली. लिव्हर सासऱ्यांच्या हातात आली.

"दाबा, मामांनू. धरा." नळीतून काळं तेल आणि बुडबुडे आले. "आता सोडा."

दाबा. धरा. सोडा. सातव्या खेपेला भिकाजींनी जरा घाई केली. निपल उघडंच असताना लिव्हर सुटली.

"अहो, सोडलात कित्याक!" अनुजा जोरात ओरडली. "मी सांगूक नाय! हवा परत आत गेली!"

तिने जीभ चावली. दारात सुगंधाबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. भिकाजी सुनेकडे बघत राहिले आणि मग गडगडून हसले. "आमचो चीफ इंजिनियर असोच ओरडायचो! चल, परत. आता चुकूचंय नाय."

त्यानंतर अंगणात आवाज चढला तो चढलाच. "धरा!" "धरलंय!" "सोडा!" "सोडलंय!" शेजारचा सर्वेश काय भांडण लागलं म्हणून कुंपणापाशी येऊन गेला. तेल स्वच्छ आलं, बुडबुडे थांबले, तरी लिव्हर अर्धीच घट्ट झाली. अनुजा हिरमुसली.

भिकाजी मात्र गाडीभोवती फिरून आले. "हवा सदा वर जाता. ही गाडी स्टँडवर डाव्या बाजूक कलली हा, आणि तुजी डबी डावीकडेच. हवा वर येवक बघता, पण वाट खाली!" त्यांनी स्टँडखाली लाकडाचा ओंडका सारून गाडी उभी केली, डबी सगळ्यांत उंच येईल असं हँडल वळवलं. "आता लिव्हर नुसती टिचकव. हळू."

अनुजाने टिचकवली. डबीत एक बारीक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग ओळीने पाच-सहा. दोघंही डबीवर वाकून बघत होती, डोकी एकमेकांना आपटायची बाकी. थोड्या वेळाने लिव्हर हाताला चांगली भिडू लागली. अनुजाने झाकण लावलं, हात धुतले, गाडी चालू केली. गिअर पडला तो आवाज न करता.

"बसा मागे," ती म्हणाली.

"मी?"

"मगे कोण? काम तुमीच केलात."

भिकाजी लेंग्यावरच मागे बसले. बंदरापर्यंतच्या उतारावर त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि मच्छी उतरवणाऱ्या लोकांना दुसऱ्या हाताने सलाम करत गेले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला गाडी अंगणात आली. पुढे अनुजा, मागे मांडीवर बॅग घेऊन अजय. तो उतरला तेव्हा त्याला हसावं की गप्प राहावं हे कळत नव्हतं.

"बाबांनू, वैभववाडीपासून एकदाय गाडी धक्का मारूक नाय. क्लच कोणी केल्यानी?"

 भिकाजी तोवर अनुजाजवळ जाऊन विचारत होते, "फुडचो ब्रेक कसो लागलो गो? तेचा तेल पण काळा दिसता माका."

"जेवल्यावर बघूया, मामांनू," ती म्हणाली. "पान्यावर ह्या खेपेक तुमी."