कॅमेऱ्यामागची चंद्रकळा

मी एक जुने काळे कापड आहे, मित्रांनो. काळे म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझा जन्म नऊवारी चंद्रकळा म्हणून झाला. तमिळनाडूत कुंभकोणमला मेलकावेरी भागातल्या एका मराठी घरात सुंदरी नावाची नवी सून आली. तिच्या पहिल्या संक्रांतीला तिच्या सासूने मला घेतले. शेजारच्या तमिळ बायका, सणासुदीला या काळे कशा नेसतात, म्हणून बघतच राहिल्या. मी मात्र दिवसभर तोऱ्यात होते. दुसऱ्या दिवशी माझी घडी झाली आणि मी पेटीत जाऊन पडले. पुढचे सारे वर्ष कापराच्या वासात काढायचे, एवढेच माझे काम.

माझे नशीब उघडले ते सुंदरीच्या नवऱ्यामुळे. सेतुरामच्या डोक्यात फोटोचे खूळ शिरले होते. बँकेत कारकुनाची जागा त्याच्यासाठी तयार होती, पण त्याला कुणाची चाकरी नको होती. कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडावे, चित्रे काढावी, खाली चार ओळी लिहाव्या आणि मद्रासच्या साप्ताहिकांना पाठवाव्या, असा त्याचा बेत. त्याचे वडील पांडुरंगराव समजूतदार होते. हे काम आपल्या अंगचे आहे की नाही ते पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत बघ, नाहीतर बँकेला होकार कळव, असे ते म्हणाले.

तीन पायांच्या मोठ्या कॅमेऱ्याला मागे एक काच असते. समोरचे चित्र तिच्यावर उलटे उमटते, पण ते अंधारातच दिसते. म्हणून फोटोवाला डोक्यावर काळे कापड घेतो. सेतुरामने आणलेले कापड विरविरीत निघाले. सुंदरीने सरळ मला पेटीतून काढले आणि दुहेरी करून शिवले. सासूबाई हळहळल्या, पण वर्षातून एकदा मिरवण्यापेक्षा रोज कामाला आलेली बरी, असे सुंदरीचे म्हणणे. मलाही ते अगदी पटले.

मित्रांनो, माझ्याखाली शिरलेल्या माणसाचा चेहरा जगाला दिसत नाही, मला कळतो. सेतुरामचा हात चांगला होता, नजर त्याहून चांगली. पण माझ्याखाली आला की तो सुटकेचा निःश्वास टाकी. तो चित्र बघायला नव्हे, लोकांपासून लपायला येत असे. कुणाला 'जरा इकडे वळा' म्हणायचे सोडून तो कॅमेऱ्याचेच तोंड फिरवी. एखादे चित्र परत आले की तो जेवत नसे. सुंदरी ते परतलेले पाकीट उलटसुलट बघे आणि त्यांना हे नको तर मग काय हवे, असे सहज विचारी. तेच चित्र ती दुसऱ्या साप्ताहिकाला पाठवायला लावी.

एकदा गंमत म्हणून ती माझ्याखाली शिरली. रस्त्याने देवळाचा हत्ती चालला होता. काचेवर तो डोके खाली, पाय वर करून चालताना दिसला. सुंदरी इतकी हसली की मीसुद्धा हलले. मग ती काचेवरच्या माणसांशीच बोलत बसली आणि घरात चुलीवरचा भात करपला. त्या दिवसापासून चित्र जुळवायला आणि प्लेट बसवायला तीही हाताशी असे.

पोंगल जवळ आला तेव्हा एका साप्ताहिकाला शेजारच्या स्वामीमलैची, मूर्तिकारांच्या गावची, चित्रे हवी होती. पंचधातूची मूर्ती ओतताना काढलेले चित्र त्यांना पाहिजे होते. दोघे बसने निघाले, मी सुंदरीच्या मांडीवर. कारखान्यात पुरलेल्या साच्याला हळदकुंकू वाहिले होते आणि मुशीत धातू रटरटत होता. मला पाहताच तिथले मुख्य मूर्तिकार गुरुमूर्ति स्थपती अडले. देव जन्माला येत असताना काळे कापड आत चालणार नाही, असे त्यांनी तमिळमध्ये स्वच्छ सांगितले. सेतुराम लगेच कॅमेऱ्याचे पाय दुमडू लागला. माझे काळीज तुटले.

सुंदरी पुढे झाली. तिने स्थपतींना अण्णा म्हटले आणि माझी सगळी कुळकथा सांगितली. आमच्यात हे सवाष्णीचे वस्त्र आहे, म्हणाली. तरी तुमच्या मनाला लागत असेल तर देवाचे एखादे तांबडे वस्त्र यावर पांघरा, आत काळे राहिले म्हणजे आमचे भागते. स्थपतींच्या म्हाताऱ्या आईला हसू फुटले. तिनेच आतून तांबडे रेशमी वस्त्र आणून माझ्यावर घातले. मग सुंदरीने उजेडासाठी दाराचा झाप काढायला लावला, दोघा कारागिरांना बाजूला सरकवले आणि सेतुरामची वाट न बघता माझ्याखाली शिरली. तिचा श्वास भराभर चालला होता, पण तो भीतीचा नव्हता. काचेवर सगळे नीट दिसताच तिने सेतुरामकडून फोटो उमटणारी प्लेट घेऊन बसवली, बाहेर आली, आणि सोन्यासारखी धार साच्यात पडताना चित्र टिपणारा रबरी फुगा दाबला.

परतताना बसमध्ये सेतुरामने माझी घडी करून सुंदरीच्या मांडीवर ठेवली. मग घरच्या मराठीत म्हणाला, "सुंदरी, हें काम माझें नव्हे. हें तुझें काम."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी बँकेंत जातों. सांजचें येऊन फोटोच्या प्लेटा धुतों. अंधारांत मजला बरें वाटतें."

असे म्हणून तो मनापासून हसला. हरल्याचे दुःख त्यात तिळभर नव्हते. पांडुरंगरावांनी सारे ऐकले आणि ठरले ना एकदाचे, असे म्हणून कॉफी मागवली. पोंगलनंतर ते चित्र छापून आले. खाली सुंदरीचे नाव होते. सेतुरामने बँकेत सगळ्यांना ते दाखवले, न लाजता.

आता माझ्या कडा उसवल्या आहेत, ऊन खाऊन मी थोडी तांबूसही झाले आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे जुने वस्त्र असेल तर ते पेटीत कुजवू नका. ऊन दाखवा, कडुनिंबाचा पाला घाला आणि कामाला लावा. आणि कोणते काम आपले, हे ठरवायची वेळ आली की असेच एकदा काळोखात डोके घालून बघा. तिथे तुम्ही लपायला आला आहात की बघायला, ते तुमचे तुम्हाला कळेल. तुमची रजा घेते म्हणायला मला सवड नाही. जवळच्या गोविंदपुरम्‌ला आज भजन आहे आणि त्याची चित्रे काढायला निघालेली सुंदरी मला झटकून खांद्यावर टाकते आहे.