फोटोबाहेरचा विसावा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे, आणि मला जागेवरून हलता येत नसलं तरी मी खूप माणसं पाहिली आहेत. फैजपूरच्या केळीच्या बागा मागे टाकून सातपुड्याच्या दिशेने तासभर आलात, की आमचं अभयारण्य लागतं. फाटकातून नाल्याकाठची पाऊलवाट धरा. चढ संपतो तिथे, दम लागतो अगदी तिथेच, मी उभा आहे.

आधी मी अंजनाचं झाड होतो. एका वादळात आडवा झालो. नवल मिस्त्रींनी मला कापलं, तासलं, घासलं. तेव्हा वनखात्यात मजुरीला असलेला खाज्या शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, "मिस्त्री, पाठ उंच कर. खांद्याइतकी. नि वरती रुंद फळी ठोक. बायास्ले वझं टेकाले व्हई."

मिस्त्री हसले. "बाक बसायला असतो रे बाबा, वझं टेकायला नाही."

पण त्यांनी ऐकलं. वरच्या पाड्यातल्या बायका याच वाटेने खाली सडकेपर्यंत जातात, डोक्यावर मोहफुलांची नाहीतर ज्वारीची पाटी घेऊन. एकदा पाटी जमिनीवर ठेवली, तर पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. म्हणून एकटी बाई वाटेत थांबतच नाही. माझ्या पाठीवरच्या फळीवर मात्र तिला एकटीने पाटी सरकवता येते आणि एकटीने परत घेताही येते. खाज्याची बायको दगडीबाई हे सगळ्यांच्या आधी शिकली. आज खाज्या नाही. दगडीबाईचे गुडघे दुखतात, पण तिची वाट तीच आहे.

पाहुणेही येत राहिले. फैजपूरची कामिनी तान्ह्या लेकराला घेऊन आली होती. लेकरू रडून रडून लाल झालेलं. घरचे पुढे मोर बघायला गेले आणि ती माझ्यावर टेकून त्याला पाजत बसली. ते झोपलं. तीही बसल्या बसल्या डुलकी घेऊ लागली. अंगावर पानांची सावली हलत होती. मित्रांनो, त्या अर्ध्या तासाइतकं सुख मी क्वचितच पाहिलं. त्याचा फोटो कोणीही काढला नाही. कोण काढणार? फोटो मोराचे निघाले.

मग घरोघरी मोबाइल आले, आणि लोक माझे फोटो काढू लागले. माझ्यावर कोणी बसलेलं असलं, की म्हणायचे, "अक्का, जरा बाजूला होता का? एकच फोटो." दगडीबाई बिचारी उठायची. पुढे पुढे तर सांगावंही लागेना. कोणी मोबाइल वर केला, की ती आपणच पाटी उचलून झाडाआड जायची. दुसऱ्याच्या आनंदात आडवं येऊ नये, ही तिची रीत.

गेल्या वर्षी जळगावची ज्योत्स्ना वनखात्यासाठी अहवाल लिहायला आली. लोकांनी समाजमाध्यमांवर टाकलेले अभयारण्याचे फोटो ती गोळा करत होती. माणसं इथे कशात रमतात, ते तिला त्यातून शोधायचं होतं. हजारो फोटो तिने एकेक करून पाहिले. फाटकावरचे सर्वांत जास्त निघाले. माझे तीनशे बारा, आणि बहुतेकांत मी रिकामा. वनखात्याच्या साहेबांनी तिचा कच्चा अहवाल वाचला आणि ठरवलं, की बाक तिथे नुसताच पडून आहे, फाटकाजवळ आणून ठेवा, फोटोला बरा दिसेल.

वनरक्षक धर्मेंद्र मला मोजायला आला, तेव्हा ज्योत्स्नाही सोबत होती. ती माझ्यावर बसून मोबाइलमध्ये काहीतरी पाहत होती. माझ्या फळ्या धडधडत होत्या म्हणा ना. मी गेलो, तर दगडीबाईने पाटी टेकवायची कुठे?

आणि तीच आली. भरलेली पाटी डोक्यावर. ज्योत्स्नाच्या हातात मोबाइल पाहून ती चार पावलं मागेच थांबली. एक पाय दुखला की दुसऱ्यावर भार टाकत तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळाने धर्मेंद्रचं लक्ष गेलं.

"अक्का, अशी उभी काऊन? ये की."

"तिना फोटू व्हई जाऊ दे, भाऊ. मंग मी वझं उतारस."

ज्योत्स्ना दचकून वळली. "मी फोटो काढत नव्हते हो! तुम्ही नेहमी अशाच थांबता?"

"मंग? फोटूमा मनं काय काम?"

ज्योत्स्नाने धावत जाऊन पाटीला हात लावायला घेतला, तर दगडीबाई म्हणाली, "राहू दे बेन, सांडशी." तिने माझ्याकडे पाठ केली आणि पाटी अलगद फळीवर सरकवली. मग ज्योत्स्नाने आपले तीनशे बारा फोटो पुन्हा उघडले आणि बोटांनी मोठे करून कडा पाहू लागली. एकात लुगड्याचा काठ. एकात झाडाआडून डोकावणारी टोपली. एकात नुसतीच एक टाच.

दगडीबाई वाकून बघू लागली आणि स्वतःची टोपली ओळखून खुदकन हसली. "हाई मनी टोपली शे! नि हाऊ पाय बी मनाच!"

धर्मेंद्रने टेप गुंडाळून खिशात टाकला. "मॅडम, साहेबांना काय सांगू?"

"माझी मोजणी चुकली म्हणून सांगा," ज्योत्स्ना म्हणाली. "नाहीतर मीच सांगते, चला."

त्यानंतर ती तीन दिवस माझ्याजवळ वही घेऊन बसली. मोबाइल पिशवीत. कोण आलं, कोण टेकलं, कोण किती वेळ गप्प बसलं, सगळं तिने लिहिलं. साहेबांनी फाटकासाठी नवा बाक मागवला. मला जागेवरच ठेवलं, आणि माझी सैल झालेली फळी पक्की करून दिली.

मित्रांनो, फोटो जरूर काढा. माझ्यावर नावं मात्र कोरू नका, दुखतं. आणि मोबाइल वर करण्याआधी एकदा मागे वळून पाहा. तुमचं होईपर्यंत कोणीतरी डोक्यावर ओझं घेऊन उभं असेल, आणि ते तुम्हाला कधीच हाक मारणार नाही.