हद्दीपलीकडचं बेट

धुळाजी धनगराला साठीपर्यंत एकच हौस होती. मेंढरं बरोबर नसताना कुठंतरी तीन दिवस नुसतं बसून राहायचं. गेवराईकडची माणसं चैतात गोदावरीतल्या एका बेटावर जाऊन आमराईत मुक्काम करायची. बेट इंग्रजी हद्दीत होतं. त्या साली धुळाजीनं कळप लेकाच्या, मुंजाजीच्या हवाली केला आणि बायकोला, साखराबाईला म्हणाला, "मुंजाच्या माय, चल. औंदा जाऊच."

दोन दिवस चालून ती दोघं हद्दीच्या नाल्याशी आली. अलीकडं निजामाचं राज्य, म्हणजे मोगलाई; पलीकडं इंग्रजाचं. मोगलाईत गाठीच्या तापाची साथ होती, म्हणून पलीकडचे शिपाई प्रत्येकाच्या काखा चाचपत होते. धुळाजीचं अंग तापलेलं होतं.

"उन्हानं तापलंय साहेब," साखराबाई म्हणाली. "गाठ न्हाई, बघा की."

"ते डागदर ठरवतील." शिपायानं धुळाजीला नदीकाठच्या खोपीत नेलं. साखराबाई मागं धावली, तर काठी आडवी आली.

"तुला ताप नाही. पुढं जा, नाहीतर माघारी जा. इथं थांबायचं नाही."

"मालकाला सोडून कुठं जाऊ?"

"ते मला काय विचारतेस?"

बेटावरून खोप समोरच दिसते, असं नावाड्यानं सांगितलं. म्हणून ती नावेत बसली.

बेटावर लोक कलिंगडं फोडत होते, पोरी झोके घेत होत्या. साखराबाई पाण्याच्या कडेला बसून राहिली. ज्या हाकेनं रानभर पांगलेली मेंढरं गोळा व्हायची, ती हाक तिनं दिली. वारा उलटा होता. खोपीतून कुणी बाहेर आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोप पेटली. तिनं नावाड्याचे पाय धरले.

"नाव भरल्याबिगर न्हाई निघत, बाई."

ती पोचली तेव्हा राखच उरली होती. शिपाई दुसराच होता. "म्हातारा? त्याला गाठ नव्हती. काल रात्रीच नाल्यापलीकडं माघारी धाडला."

"मंग खोप कावून जाळली?"

"त्याच्या शेजारचा माणूस मेला तिथं."

नाल्यापलीकडं बाभळीखाली धुळाजी बसला होता. ओठ फुटले होते. तिनं त्याला पाणी पाजलं.

"कसं हाय बेट?" त्यानं विचारलं.

"म्या न्हाई बघितलं."

"तीन दिवस व्हतीस की."

"व्हते."

त्याला उठवायला तिनं काखेत हात घातला आणि तिथंच थबकली. बोराएवढं काहीतरी बोटांना लागलं.

"काय गं?"

"काई न्हाई. चला."

दोन दिवसांची वाट त्यांनी चार दिवसांत कापली. गावच्या शिवेवर आली तेव्हा धुळाजीला पाऊल उचलवत नव्हतं. तिनं त्याला कडुलिंबाखाली निजवलं. माळावरून मुंजाजी धावत येताना दिसला, तसा तिनं लांबूनच हात वर केला.

"तिथंच ऱ्हा! जवळ येऊ नगंस!"

पोरगा उभा राहिला. बाप जाईपर्यंत, दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत, तो तिथंच उभा होता.