चुड्याखालचं वय

मांत्रिक पांचा भुवाने आईच्या नावाने लिंबं पिळली, कढईतलं तेल बुडबुडलं आणि त्याने त्यात मनगटापर्यंत हात घातला. पुरी काढून डोक्यावर नाचवली. हाताला एक फोड नाही! कच्छच्या छोट्या रणातलं आमचं अख्खं मिठागर ‘जय माताजी’ ओरडलं.

“आईने राखलं मला!” भुवा मांडवाखाली घुमत होता. “आता ही डाकण हात घालेल. निर्दोष असली तर वाचेल. सारा रे लाकडं!”

डाकण म्हणजे रळियात. शहरात शिवणकाम करते. आजारी बहिणीला बघायला आली, एवढाच बिचारीचा गुन्हा. तिची जुळी बहीण मोंघी लग्नापासून मिठागरात राबतेय. दोघी चाळिशीच्या, पण रळियात तिशीची दिसते आणि मोंघी पासष्टीची. चेहरा चरे पडलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, दोन पावलांत धाप. भुवाने निदान ठोकून दिलं होतं, “हिने बहिणीची वर्षं खाल्ली!”

मी फिरत्या दवाखान्यातली नर्स, याच मिठागरात जन्मलेली. गर्दी चिरत कढईपाशी पोचले तेव्हा रळियातचा ओठ फाटलेला, केस मोंघीच्या नवऱ्याच्या, देवशीच्या मुठीत. दोघेजण तिचा उजवा हात कढईकडे ओढत होते. त्या हातावर तिचं पोट! मी मध्ये घुसले तर कुणीतरी माझ्या बरगडीत काठी खुपसली.

“देवशीभाई, सोडा तिला! अक्कल गहाण टाकलीत का?”

“बाजूला व्हा, जशुबेन! माझी बायको मरतेय!”

“उन्हाने मरतेय! महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात अनवाणी उभी, नाकात पंपाचा धूर, पोटात रोटला नि मिरची. म्हातारी होईल नाही तर काय?”

“मग तू का नाही झालीस म्हातारी?” भुवा खिदळला.

“मी सावलीत नोकरी करते, मेल्या!”

लोक हसलेसुद्धा. पण हसता हसता त्यांनी रळियातला आणखी पुढे रेटलं. तेलाची वाफ लागून ती किंचाळली.

तेवढ्यात खाटेवरून मोंघी उठली. तिने वरवंटा उचलला आणि स्वतःच्या दंडावर हाणला. पुन्हा हाणला. कोपरापासून खांद्यापर्यंतचा पांढरा चुडा फुटून तुकडे उडाले, दंड रक्ताने माखला. बायकांनी टाहो फोडला. नवरा समोर जिवंत आणि हिने चुडा फोडला!

मोंघीने पदराने रक्त पुसलं आणि आपला दंड बहिणीच्या दंडाशी भिडवला. लग्नात चढवलेला चुडा कधी उतरलाच नव्हता, त्याच्याखाली ऊनही कधी पोचलं नव्हतं. कातडी मऊ, सुरकुती नाही. दोन्ही दंड अगदी सारखे.

“बघा डोळे फाडून!” ती धापा टाकत ओरडली. “ही माझं वय चोरते ना? मग एवढंच का ठेवलं? चोराला चुडा उचकटता येत नव्हता होय?”

“माताजीची शक्ती चुड्यात...” भुवा पुटपुटला.

“आणि तुझी पुरी कच्ची कशी रे?” मी त्याच्या हातातली पुरी हिसकावून कढईत टाकली. ती क्षणात फुगली, लाल झाली. “आईच्या नावाने तू कढईत लिंबं पिळलीस. रस तळाशी आधी उकळतो, बुडबुडे वर येतात आणि तेल उकळल्यासारखं दिसतं. तेव्हा वरचं तेल कोमट होतं. आता खरं तापलंय. घाल हात!”

भुवाने धूम ठोकली. पण रळियातला ओढणाऱ्या हातांनीच त्याची मानगूट धरली. लाथा बसल्या, दात पडला, हात कढईवर आला.

“भाजेल रे! भाजेल!” भुवा बोंबलला.

मी कढई लाथाडली. तेल चिखलात सांडलं, माझं पाऊलही पोळलं.

“ऐकलंत? भाजेल म्हणतोय तो!” मी ओरडले. “पोलिसांकडे न्या त्याला, पण तळू नका. तुम्ही तेच करणार असाल तर डाकण कोण? बाबांनो, कुणी कुणाचं वय खात नाही. ऊन, खार, धूर आणि अर्धं पोट माणसाला वेळेआधी म्हातारं करतं. ते उताऱ्याने उतरत नाही. मालकाकडे बूट मागा, चष्मे मागा, छप्पर मागा. दुखलं तर दवाखान्यात या.”

देवशी चुड्याचे तुकडे गोळा करत रडत होता. “मी जिवंत असताना फोडलास गं?”

“अजून जिवंतच आहात ना?” मोंघी म्हणाली. “मग रडताय काय? आधी तिची माफी मागा.”

देवशीने रळियातचे पाय धरले. तिने ते मागे ओढून घेतले. मग तो उठला, भुवाचा मांडव उपटला आणि मोंघीच्या मिठाच्या वाफ्यावर सावलीला बांधायला घेऊन गेला.