समासातली ओळ

कायद्याच्या ग्रंथालयाची वेबसाइट करायची म्हणजे पाच वकिलांचं एका रंगावर एकमत करायचं. निळा की तपकिरी, यावर समितीने तीन बैठका खाल्ल्या. अध्यक्षांना पहिल्या पानावर स्वतःचा फोटो हवा होता, आणि उपाध्यक्षांना काहीही चाललं असतं, फक्त अध्यक्ष नको होते. मी वेबसाइट बनवणारा माणूस, माझं काम मान डोलावण्याचं. पण विशेष संग्रहाची पानं मात्र मी माझ्या मनासारखी करणार होतो.

विशेष संग्रह म्हणजे जुन्या खटल्यांचे कागद. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खाकी खोक्यांत ते ठेवलेले असत. मी खिडकीशी बसून स्कॅन तपासायचो आणि दर गुरुवारी अकराच्या ठोक्याला मावशी यायच्या. त्यांना सगळे मावशीच म्हणत. हात धुऊन, कोरडे करून, सुती हातमोजे चढवून त्या टेबलाशी बसायच्या. ग्रंथपाल बाई न विचारता एक खोकं आणून ठेवायच्या. मावशी त्यातलं एकच पान काढायच्या, पाचेक मिनिटं बघायच्या आणि निघून जायच्या.

एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, तशी त्यांनी ते पान माझ्याकडे वळवलं.

त्यांचा धाकटा भाऊ एका गोदामावर पहारेकरी होता. गोदामाला आग लागली, आत एक हमाल जळून मेला. दाराला बाहेरून कुलूप होतं असं ठरलं आणि भावाला शिक्षा झाली. तो तुरुंगातच वारला. हे पान म्हणजे त्याचा कोर्टातला जबाब. मजकूर टाइप केलेला, खाली सही, आणि डाव्या समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, उभी लिहिलेली एक ओळ: ‘ताई, कुलूप मी काढलं होतं.’

“मी एकदाही भेटायला गेले नाही हो त्याला,” मावशी म्हणाल्या. “मलाही वाटलं, यानेच हलगर्जीपणा केला. हे पान हाती लागलं तेव्हा त्याला जाऊन बावीस वर्षं झाली होती.”

भावाचा मुलगा दुसऱ्या शहरात होता. बापाचं नाव काढलं की फोन ठेवून द्यायचा. खोलीत फोटो काढायला बंदी, आणि तो काही इथे यायचा नाही.

“आता घरबसल्या दिसेल त्याला,” मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो. “वेबसाइटवर टाकतोय ना सगळं.”

मावशींनी माझा हात हातमोज्यांसकट धरला. मला फार बरं वाटलं. ते आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण स्कॅन दिसायला भिकार होते. कडा काळपट, पानं तिरकी. मी एक प्रोग्रॅम लावला: पान सरळ करायचं आणि टाइप केलेल्या मजकुराच्या बाहेरचं सगळं कापायचं. अकरा हजार पानं दोन दिवसांत न्हाऊनमाखून तयार झाली. समितीने पहिल्यांदाच एकमुखाने शाबासकी दिली. सर्व्हरवर जागा पुरेना, म्हणून न कापलेले स्कॅन मी पुसून टाकले. ती ओळ मी डोळ्यांनी वाचली होती, तरी त्या दोन दिवसांत मला ती एकदाही आठवली नाही. माझ्या डोक्यात फक्त सरळ कडा होत्या.

मग खोकी सीलबंद होऊन गावाबाहेरच्या थंड कोठारात गेली. ज्या कागदाची प्रत वेबसाइटवर आहे तो दहा वर्षं बाहेर काढायचा नाही, असा समितीचा नियम. तो लोकांना कळेल अशा सोप्या भाषेत वेबसाइटवर मीच लिहिला होता.

वेबसाइट सुरू झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मावशी फोन हातात धरूनच आल्या. फोनवर भाचा होता.

“आत्या, मी तिसऱ्यांदा बघतोय. इथे तसलं काही नाही.”

मी पान उघडलं. टाइप केलेला मजकूर, सही, आणि चारी बाजूंनी स्वच्छ, सरळ कडा. मी मावशींच्या हातून फोन घेतला.

“ती ओळ होती. मी स्वतः वाचलीय.”

“तुम्ही कोण?”

“मी... ही वेबसाइट मी केलीय.”

“मग ती वेबसाइटवर का नाही?”

मी खरं ते सांगितलं. “आत्याने चांगलं पढवलंय तुम्हाला,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी समितीपुढे हात जोडले. अध्यक्ष म्हणाले, “एका पानासाठी सील फोडलं तर उद्या रांग लागेल.” उपाध्यक्षांनी जन्मात पहिल्यांदा त्यांची री ओढली. ग्रंथपाल बाईंनी दोन अर्ज केले, दोन्हींना माझ्याच सोप्या भाषेतलं उत्तर आलं. मावशींना तेव्हा एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती.

“मी खाली टाइप करून टाकतो ती ओळ,” मी त्यांना म्हणालो.

“ओळ तर मी त्याला कितीदा सांगितली असेल,” त्या म्हणाल्या. “त्याला बापाचं अक्षर दाखवायचं होतं मला.”

पुढच्या गुरुवारी अकरा वाजता त्या आल्या. हात धुतले, कोरडे केले, हातमोजे घातले आणि स्क्रीनसमोर बसल्या. बाईंनी पान उघडून दिलं. मावशी पाच मिनिटं त्याच्या डाव्या कडेकडे बघत राहिल्या.

“आज तरी दिसतेय का हो तुम्हाला?” त्यांनी मला विचारलं.

“नाही, मावशी.”

त्यांनी हातमोजे काढले, घडी करून माझ्या टेबलावर ठेवले, आणि गेल्या.