देवमाशांच्या बोटीवरची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. बोटीच्या तिकिटाच्या खिडकीत, शंखशिंपल्यांच्या शेजारी मला मांडून ठेवले आहे. माझ्यातून आता काही दिसत नाही. पण अठरा वर्षे मी देवमासे शोधले.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका बाईने माझी भिंगे एकेक करून बसवली आणि मला डोळ्यांना लावून समोरच्या गच्चीवरचा कावळा पाहिला. कावळ्याची चोच स्वच्छ दिसली, म्हणून मी पास झाले.

पुढे मी एका बोटीवर आले. ती प्रवाशांना देवमासे दाखवायला नेत असे. बोट दोन भावांची होती. धाकटा बोट चालवी, त्याला सगळे कप्तान म्हणत. थोरले दादा टपावर बसून टेहळणी करत. दादांची बायको प्रवाशांना जॅकेट बांधून देई आणि कुणाला मळमळले की कागदी पिशवी पुढे करी. कप्तान तिला वहिनी म्हणे, म्हणून सारा धक्काच तिला वहिनी म्हणे.

तिथली हवा मोठी लहरी. चहा ओतताना ऊन, तर पिताना धुके. दादा मला रोज मऊ फडक्याने पुसून गळ्यात अडकवत. पाण्याबाहेर शेपटी आली की ते म्हणत, "फाटकी आली बघा!" ही त्यांची ओळखीची मादी होती, तिच्या शेपटीचा एक कोपरा फाटलेला होता. लोक टाळ्या वाजवत, आणि मला वाटे, यातली अर्धी टाळी माझी.

मग दादांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. डावा डोळा ठणठणीत होता, पण कप्तानाला रोजचा विनोद सापडला. तो माइकवरून सांगे, "वर बसलेत ते आमचे दादा. एका डोळ्याने देवमासा शोधतात आणि दुसऱ्याने पहिला डोळा!" प्रवासी खो खो हसत. दादाही कसनुसे हसत. वहिनी हसत नसे.

एके सकाळी लख्ख ऊन होते. बोटीवर चाळीस प्रवासी होते. त्या दिवशी फाटकीसोबत तिचे पिल्लू होते. कप्तानाने बोट थेट दोघांच्या मध्ये घातली. पिल्लू गोंधळून उलट्या दिशेने पळू लागले, आणि लोक आनंदाने ओरडू लागले.

तेवढ्यात दादांनी मला पश्चिमेकडे वळवले. पाण्यावर एक काळी रेघ होती, तिच्या कडेला पांढरा फेस होता आणि ती आमच्याकडे येत होती. मी ती अगदी स्वच्छ दाखवली.

"वारा येतोय! बोट फिरव!" दादा ओरडले. "काळी रेघ दिसतेय मला!"

कप्तान माइकवर म्हणाला, "दादांना रेघ दिसतेय. डोळ्यातलीच असेल!"

चाळीस माणसे हसली. दादा पुन्हा ओरडले, तिसऱ्यांदा ओरडले. बोट पिल्लामागेच धावत राहिली.

मग वारा आला. वहिनी एका आजीबाईंना बाकाशी धरून उभी होती. लाटेने तिला उचलून लोखंडी कठड्यावर आपटले. तिचे खुब्याचे हाड मोडले. दादा टपावरून उतरले ते जवळजवळ पडतच. मी त्यांच्या गळ्यात होते. खारे पाणी माझ्या आत शिरले आणि माझ्या भिंगांवर धुके बसले.

धक्क्यावर बंदराचे साहेब आले. त्यांनी विचारले, "टेहळणीला कोण होतं?"

कप्तान म्हणाला, "दादा. त्यांनी सांगितलंच नाही, साहेब. त्यांना दिसत नाही हल्ली."

दादांनी प्रवाशांकडे हात केला. मग म्हणाले, "मी तीनदा ओरडलो. विचारा यांना."

साहेबांनी प्रवाशांकडे पाहिले. कुणी बुटांतले पाणी काढत होते, कुणी बसची वेळ बघत होते. वहिनी स्ट्रेचरवरून ओरडली, "मी ऐकलं! सगळ्यांनी ऐकलं!"

"तू त्यांची बायको, तू दुसरं काय सांगणार?" कप्तान म्हणाला. त्या दिवशी तो 'वहिनी' म्हणाला नाही.

मग साहेबांनी मला हातात घेतले, डोळ्यांना लावले आणि मान हलवली. "यातून काय डोंबल दिसणार?"

मित्रांनो, अशी मी माझ्या माणसाविरुद्ध पुरावा झाले. हे पाणी आत्ता शिरलंय, सकाळी मी कोरडी होते, एवढेच मला सांगायचे होते. माणसांना तोंड असूनही चाळीसांपैकी एकही जण बोलला नाही, मग मी कुठून बोलणार?

दादांना बोटीवरून उतरवले. वहिनी आता कुबड्या घेऊन चालते. ती दोघे धक्क्याकडे फिरकत नाहीत. कप्तानाने टपावर नवा माणूस बसवला आहे आणि नवा विनोदही शोधला आहे.

बाळांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे माझ्यासारख्या वस्तू नेहमी सांगतात. मी दुसरेच सांगते. तुमच्या देखत कुणाला खोटे पाडले जात असेल, तर बस चुकली तरी चालेल, पण तोंड उघडा.

मला दुरुस्त करणे अवघड नाही. चार स्क्रू काढून आतली भिंगे कोरड्या फडक्याने पुसली, तर मला आजही कावळ्याची चोच दिसेल. एकदा तिकीट घ्यायला आलेल्या एका मुलीने मला हातात घेऊन कप्तानाला विचारलेही, "काका, ही उघडून पुसत का नाही?"

कप्तानाने हसत तिच्या हातातून मला काढून घेतले आणि पुन्हा शिंपल्यांशेजारी ठेवले, तोंड भिंतीकडे करून.